एक मात्रा श्वासासाठी

पंधरा ऑगस्टच्या सकाळी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून पायी निघालं, तर अर्ध्या तासात तीन-चार झेंडावंदनं कानावर पडतात. एखादी शाळा, एखाद्या गणेश मंडळाचं अंगण, ‘चितनीस की गोठ’सारख्या जुन्या वस्तीतला वाडा, नव्या सोसायटीचं आवार. गाणं सगळीकडे तेच असतं आणि ते फसतंही सगळीकडे एकाच जागी. कुणीतरी उत्साही माणूस ‘वंदे’वर झेप घेतो. त्याने धरलेला सूर गळ्याला नाही, आवेशाला सोयीचा असतो. ‘सुजलां सुफलां’ येईतो निम्मे पुरुष गप्प होतात, काही जण गुपचूप खालच्या सप्तकात उतरतात, आणि वर उरतात त्या चार शिक्षिका आणि एक पेटी. मग सगळे एकमेकांकडे बघून हसतात आणि लाडू घेऊन घरी जातात.

हसण्यावारी जाणारी ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी कुणाच्या तरी झोपेचं खोबरं करत होती. गाणं न शिकलेल्या हजार माणसांच्या तोंडी एक गाणं द्यायचं, तेही उघड्यावर, ध्वनिक्षेपकाशिवाय, चालता चालता, आणि पोलीस समोर उभे असताना ते मोडता कामा नये. स्वातंत्र्यलढ्यातल्या कलांविषयी लिहिताना आपण शब्दांपाशी थांबतो. कवी कोण, ओळी किती जळजळीत, बंदी कधी आली. शब्द महत्त्वाचे आहेतच. पण जळजळीत ओळी तर असंख्य लिहिल्या गेल्या, त्यातल्या मोजक्याच लोकांच्या गळ्यात बसल्या. का बसल्या, याचं उत्तर बरंचसं सुतारकामासारखं आहे. माप, जोड, आणि कुठे किती तासायचं.

सुरुवात सुरापासून करू. गाणं कुठल्या पट्टीत धरायचं हे पहिल्या स्वरावरून ठरवायचं नसतं, सगळ्यात वरच्या स्वरावरून ठरवायचं असतं. चूक नेमकी इथे होते. ‘जन गण मन’ घ्या. चाल साधी वाटते, पण ती मंद्र निषादापासून तार षड्जापर्यंत जाते. ‘विधाता’ म्हणताना आवाज खालच्या ‘नी’ला टेकून येतो आणि शेवटाकडे पहिल्या ‘जय हे’ला तो थेट वरच्या ‘सा’वर चढतो. म्हणजे एक पूर्ण सप्तक आणि वर अर्धा स्वर. सामान्य गळ्याची सुखाची झेप जवळपास एवढीच असते, त्यामुळे इकडेतिकडे सरकायला जागा उरत नाही. म्हणून सुरुवात करणाऱ्याने आधी ते ‘जय हे’ मनातल्या मनात गाऊन पाहावं. तिथे मान वर गेली किंवा शिरा ताणल्या, तर पट्टी चढी आहे. स्त्रिया, पुरुष आणि मुलं एकत्र असतील तर पेटीवरची काळी एक, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी, हा सगळ्यात सुरक्षित ‘सा’. फार तर पांढरी दोन. पुरुष खालच्या सप्तकात, बायका-मुलं वरच्या सप्तकात, आणि कुणाचाच गळा चिरत नाही. शिकलेल्या गायिका सवयीने काळी चार धरतात. त्यांच्यासाठी ती पट्टी बरोबर आहे, पण शेजारी उभ्या असलेल्या पुरुषांना मग दोनच वाटा उरतात, विहिरीत उतरायचं किंवा झाडावर चढायचं. बहुतेक जण तिसरी वाट घेतात आणि ओठ हलवत उभे राहतात.

या चालीत आणखी एक गंमत आहे. ती ‘सा’वर संपत नाही. शेवटचा ‘जय जय जय जय हे’ पायरी पायरीने चढतो आणि मध्यमावर, म्हणजे ‘म’वर, थांबतो. कानाला घरी पोचल्यासारखं वाटत नाही, उंबऱ्याशी उभं राहिल्यासारखं वाटतं. हे मुद्दाम केलं असेल असं म्हणण्याचा मोह होतो. मोह आवरावा हे बरं, पण परिणाम खरा आहे. गाणं संपल्यावर जी घोषणा येते ती त्या अधांतरी मध्यमावरूनच उसळते. शेवटचा ‘हे’ कुणी हौसेने षड्जावर आणून टेकवला, तर पुढचा जयजयकार पडेल निघतो. एकदा करून पाहा.

आता लय. इथे ग्वाल्हेरच्या आसपासची माती फार कामाची आहे. चंबळ आणि बुंदेलखंडात पावसाळ्यात आल्हा, म्हणजे तिथली वीरगाथा, गातात. ढोलक, झांज, आणि एक खणखणीत आवाज. आल्हा ज्या छंदात आहे त्याची ओळ ३१ मात्रांची (ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घ किंवा जोडाक्षराआधीच्या अक्षराच्या दोन), सोळाव्या मात्रेवर विसावा आणि पुढे पंधरा. ढोलक मात्र आठ-आठ मात्रांच्या फेऱ्यांत चालते, म्हणजे चार फेऱ्यांत ३२. ओळ ३१ची, ठेका ३२चा. ती जी एक मात्रा उरते, तिथे गवई श्वास घेतो. शब्द तिथे नाहीत, ढोलकीची थाप आहे. रात्रभर गायचं असेल तर अशी एक रिकामी मात्रा छंदातच विणून ठेवावी लागते. श्वास नंतर कुठेतरी चोरून घेऊ म्हटलं, की तासाभरात घसा बसतो.

आता ‘रघुपति राघव राजाराम’च्या मात्रा मोजून पाहा. चार, चार, चार, तीन. पंधरा. सोळावी रिकामी. दुसरी ओळ कागदावर ‘पतित पावन सीताराम’ अशी चौदा मात्रांची आहे, पण गाताना कुणीही ‘पतित’ म्हणत नाही, आपोआप ‘पतीत’ म्हणतो आणि पंधरा पुऱ्या करून घेतो. व्याकरणाच्या शिक्षकांनी कपाळाला हात लावावा, पण लोकांनी इथे छंद दुरुस्त केलेला आहे. आल्ह्याचा आणि या धुनेचा काही थेट संबंध आहे असं मला म्हणायचं नाही. उघड्यावर बराच वेळ गायचं असलं की वेगवेगळी माणसं एकाच युक्तीपाशी येतात, इतकंच.

‘वंदे मातरम्’ इथे हट्टी आहे. संस्कृत समास, जोडाक्षरांची गर्दी, आणि मात्रांचा हिशेब असा की गवयाने डोकं धरावं. ‘शुभ्रज्योत्स्ना’ आठ, ‘पुलकितयामिनीम्’ नऊ. ‘फुल्लकुसुमित’ पुढच्या ‘द्रु’मुळे आठ, ‘द्रुमदलशोभिनीम्’ पुन्हा नऊ. ‘सुजलां सुफलां’ आठ, ‘मलयजशीतलाम्’ नऊ. ओळ सतराची. सोळाच्या मापात ती एका मात्रेने सांडते आणि श्वासाला तर मुळीच जागा ठेवत नाही. म्हणून या गीताला चाल लावणाऱ्या प्रत्येकाला आधी एकच प्रश्न सोडवावा लागतो, ती सतरावी मात्रा कुठे ठेवायची? सरळ उपाय असा की ओळ आठवर तोडायची, अर्धी ओळ एका फेरीत, उरलेली पुढच्या फेरीत, आणि शेवटचं दीर्घ अक्षर लांबवून त्याच्या शेपटाशी श्वास घ्यायचा. कवीनेच आठवर तोड ठेवलेली असल्यामुळे हे जमतं. मुलांना शिकवतानाही असंच शिकवावं: ‘शुभ्रज्योत्स्ना’, थांबा, ‘पुलकितयामिनीम्’. न थांबता एका दमात म्हणायला लावलं की ‘ज्योत्स्ना’तला ‘त’ गळतो, मग ‘स्ना’ गळतो, आणि पुढे ‘यामिनी’ नुसती गुणगुण होते.

आणि शेवटचा तो ‘म्’. ‘मातरम्’ म्हणताना ओठ मिटतात. ओठ मिटले की उघड्यावरचा आवाज तिथेच मेला. ‘सीताराम’चा ‘रा’ शंभर पावलांवर ऐकू जातो, ‘तरम्’ चाळीसवर विरतो. उपाय सोपा आहे, पण सांगावा लागतो. ‘र’वरचा अकार उघडा धरून ठेवायचा आणि ‘म्’ अगदी शेवटी, सगळ्यांनी एकदम मिटायचा. भजनी मंडळात वाढलेल्या माणसांना हे सांगावं लागत नाही. ‘विठ्ठल विठ्ठल’चा ‘ल’ ते असाच सांभाळतात.

१८९६ साली कोलकात्याच्या काँग्रेस अधिवेशनात रवींद्रनाथांनी हे गीत गायलं. त्यांची म्हणून जी चाल ओळखली जाते ती देस रागातली, आणि आज आकाशवाणीमुळे आपल्या कानात बसलेलं वळण त्याच रागाचं. देस चढताना गंधार आणि धैवत, म्हणजे ‘ग’ आणि ‘ध’, सोडतो, म्हणजे शिडीच्या दोन पायऱ्या गाळून उडी मारतो, आणि दुसऱ्याच ओळीत तार षड्ज गाठतो. चढताना शुद्ध निषाद, उतरताना कोमल. ऐकायला हे विलक्षण सुंदर आहे. हजार माणसांना मात्र दोन निषाद सांभाळता येत नाहीत. ती दोन्हींच्या मध्ये कुठेतरी एक तिसराच निषाद शोधून काढतात आणि त्यावर ठाम राहतात. उतरताना तो स्वर जरासा चढा, चढताना जरासा उतरलेला, आणि कडव्याच्या अखेरीस सगळा समुदाय पेटीच्या खाली घसरलेला. पेटी वाजवणाऱ्याने अशा वेळी जोर करून खरा स्वर ठासू नये. भाता हलका करावा, नुसता ‘सा’ आणि ‘प’ धरून ठेवावा आणि पुढचं कडवं पुन्हा काळी एकवरून उचलून द्यावं.

विष्णू दिगंबर पलुसकरांनी हेच गीत काफी रागात बांधलं. काफीत सगळ्या पायऱ्या आहेत, एकही उडी नाही. ज्याला होळीची गाणी येतात, त्याच्या गळ्यात काफी आधीच बसलेला असतो. या निवडीमागे ग्वाल्हेरच्या घराण्याचं शिक्षण स्पष्ट दिसतं असं माझं मत आहे. हद्दू खाँ-हस्सू खाँच्या परंपरेत तयार झालेले वासुदेवबुवा जोशी, त्यांच्याकडून ही गायकी महाराष्ट्रात नेणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, आणि मिरजेला बाळकृष्णबुवांकडे शिकलेले, १८७२ साली कुरुंदवाडला जन्मलेले पलुसकर. या गायकीची खूण काय? खुला ‘आ’कार. प्रचारातले, सरळ राग. मध्य लय. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बंदिशीचे दोन्ही भाग, अस्ताई आणि अंतरा, आधी पुरे म्हणायचे, विस्तार मागाहून. ऐकणाऱ्याच्या हाती पहिल्या दोन मिनिटांत अख्खी चीज पडते. मैफलीतल्या काही रसिकांना ही शिस्त रुक्ष वाटते. पण समूहाच्या गाण्याला दुसरं काय लागतं? आवाज दाबून, नाकात, कुजबुजत गाणारं एखादं घराणं या कामाला पुढे आलं असतं, तर ते मंचाच्या दुसऱ्या पायरीपलीकडे पोचलं नसतं.

पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते दरबाराच्या नव्हे, लोकांच्या पैशावर. ग्वाल्हेरकरांनी इथे थोडं प्रामाणिक व्हायला हरकत नाही. ज्या दरबाराने ही गायकी पोसली, तो १८५८च्या जूनमध्ये इंग्रजांच्या बाजूने होता. तात्या टोपे आणि राणी लक्ष्मीबाई शहरात आल्या तेव्हा महाराज जयाजीराव शिंदे आग्र्याला निघून गेले होते. राणी इथेच पडली. फूलबागेतल्या तिच्या समाधीपाशी आज जे गायलं जातं, ते त्या काळी दरबारी गवयांनी गायलं नाही. ते गायलं हरबोल्यांनी, बुंदेलखंडात दारोदार फिरणाऱ्या गाणाऱ्यांनी. सुभद्राकुमारी चौहानांनी आपल्या कवितेत हे श्रेय नाव घेऊन त्यांनाच दिलं आहे आणि पालुपदाच्या ओळीत दिलं आहे, म्हणजे प्रत्येक कडव्यानंतर ते पुन्हा उच्चारावं लागतं. श्रेय देण्याची याहून पक्की जागा कवितेत नाही. दरबारी गायकीने गळा तयार केला, तो उघड्यावर आणायला एक पिढी आणि एक मिरज लागलं. नोकरीत असलेल्या गवयाला दोष देण्याचं कारण नाही. त्याचं ताट कुठून येत होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

काँग्रेसच्या अधिवेशनात ‘वंदे मातरम्’ म्हणणं हा पलुसकरांचा जणू नेमच होता. १९२३ साली काकिनाड्याला अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली यांनी धार्मिक कारणाने गायनाला हरकत घेतली. बुवांनी गाणं थांबवलं नाही, पूर्ण केलं. या प्रसंगावर दोन्ही बाजूंनी भरपूर लिहिलं गेलंय आणि अजून लिहिलं जातं, त्यात मी भर घालणार नाही. १९३७ मध्ये काँग्रेसच्या कार्यसमितीने पहिली दोन कडवीच सभांतून म्हणायची असं ठरवलं, त्याचं मुख्य कारण पुढच्या कडव्यांतलं देवीरूप होतं. गाणाऱ्याच्या बाजूने एक जोड द्यावीशी वाटते. पहिली दोन कडवी शुद्ध संस्कृत आहेत, तिसऱ्यापासून बंगाली मिसळू लागते. पंजाबपासून मद्रासपर्यंत एकाच उच्चारात म्हणता येतील अशी कडवीही तीच दोन होती.

पलुसकरांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांचं नाव आपल्याकडे त्या मानाने कमी घेतलं जातं. हा मराठी गवई साबरमती आश्रमात गेला, तिथली भजनावली त्याने सिद्ध केली, आणि १२ मार्च १९३० रोजी दांडीकडे निघालेल्या पहिल्या तुकडीत तो होता. सुमारे ३८५ किलोमीटर, २४ दिवस. सरासरी रोजचे सोळा. इतकं चालायचं आणि सकाळ-संध्याकाळची प्रार्थनाही सांभाळायची, म्हणजे काय, याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे.

लहानमोठे मिळून चालणारी फेरी मिनिटाला ऐंशी ते नव्वद पावलं टाकते. एका पावलात दोन मात्रा धरल्या तर ‘रघुपति राघव’ची एक ओळ आठ पावलांत होते, म्हणजे साधारण पावणेसहा सेकंद. पुढच्याने म्हणायची, मागच्यांनी उचलायची. दोन्ही ओळी अशा उलटसुलट म्हणून व्हायला तेवीस-चोवीस सेकंद. तासाला दीडशे आवर्तनं. पण म्हणणारा प्रत्यक्षात अर्धाच तास गातो, कारण निम्मा वेळ लोक गात असतात. सांगणारा आणि झेलणारा ही आपल्या भजनातली जुनी वाटणी नुसती भक्तीची नाही, घशाच्या काटकसरीचीही आहे. ती मोडून सगळ्यांनी सगळं म्हणायचं ठरवलं, तर पहिल्या मैलातच पुढच्याचा आवाज बसतो आणि त्याच्यामागून सगळ्यांचा सूर जातो.

दुसरी अडचण आवाजाच्या वेगाची. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. फेरी शंभर मीटर लांब असेल तर पुढच्या टोकाची ओळ शेपटाला तीन दशांश सेकंद उशिरा ऐकू येते. आपली एक मात्रा साडेतीन दशांश सेकंदांची. म्हणजे शेपूट जवळजवळ एक मात्रा मागे. म्हणून प्रभातफेऱ्यांत गाणं फाटतं ते लोक बेताल असतात म्हणून नव्हे. उपाय दोन. झांजवाला आणि म्हणणारा पुढे न ठेवता मधोमध ठेवायचा, की अंतर निम्मं होतं. आणि ओळ झेलणीची असावी, कारण उशीर त्या रिकाम्या सोळाव्या मात्रेत मुरून जातो. काय करू नये तेही सांगतो: पुढे एक आणि मागे एक असे दोन ढोल ठेवू नयेत. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात, आणि मधल्या माणसांचे पाय एकमेकांत अडकतात.

सैन्याची गोष्ट वेगळी. आझाद हिंद फौजेतलं ‘कदम कदम बढाये जा’ मिनिटाला सव्वाशेच्या घरातल्या शिस्तीच्या पावलांसाठी आहे. ते प्रभातफेरीत घेतलं की म्हाताऱ्यांना धाप लागते.

बसलेल्या माणसांसाठी कीर्तन होतं. ग्वाल्हेरला हे वेगळं समजावून सांगायला नको, इथे तानसेन समारोहाची सुरुवातच कीर्तनकार ढोलीबुवांच्या हरिकथेने आणि मीलादने, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतिगायनाने, होते. नारदीय कीर्तनाचा घाट ठरलेला: नमन, मूळ पद, त्यावरचं निरूपण म्हणजे पूर्वरंग, मग गजर, बुक्का आणि हार, आणि नंतर आख्यानाचा उत्तररंग. टिळकांच्या प्रेरणेने डॉ. दत्तोपंत पटवर्धनांनी याच घाटात राष्ट्रीय कीर्तन उभं केलं. घाटाची खुबी अशी की पूर्वरंगात एक तत्त्व सांगायचं आणि उत्तररंगात त्याला अनुरूप गोष्ट. सरकारचं नाव कुठेच नाही. टिपण घेणाऱ्या सरकारी माणसाने लिहायचं काय? ‘बुवांनी रावण दुष्ट असल्याचे सांगितले’? रंगभूमीवर खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’ने १९०७ मध्ये हीच युक्ती केली. कीचकात व्हाइसरॉय कर्झन बघायला प्रेक्षकांना कुणी शिकवावं लागलं नाही. पण नाटक छापलेलं असतं, संहिता पकडता येते. १९१० मध्ये बंदी आली. कीर्तनाची संहिता बुवांच्या डोक्यात असते आणि प्रत्येक रात्री बदलते. पाळत ठेवता येते, जप्त करायला मात्र काही सापडत नाही.

पोवाड्यात शाहीर उंच पट्टीत, पाच-सहा स्वरांतच फिरतो, कारण त्याला शब्द खूप आहेत आणि ते शेवटच्या माणसाला कळायला हवेत. चाल फुलवली की शब्द बुडाले. मागच्या झीलकऱ्यांचं ‘जी जी रं जी’ हे शोभेसाठी नाही. तेवढ्यात शाहीर श्वास घेतो आणि पुढची ओळ आठवतो. पुन्हा तीच रिकामी जागा, फक्त इथे ती दुसऱ्यांनी भरलेली. शहरी कार्यक्रमांत हल्ली झीलकरी कमी करतात, मानधन वाचतं. मग पोवाड्याचे दोन चौक, म्हणजे दोन भाग, झाले की शाहीर धापा टाकतो आणि लोक म्हणतात, पूर्वीसारखे शाहीर राहिले नाहीत.

स्वातंत्र्य आलं तेव्हा प्रश्न उलटा झाला. १५ ऑगस्ट १९४७च्या सकाळी ओंकारनाथ ठाकुरांनी, तेही पलुसकरांचेच शिष्य, आकाशवाणीवर ‘वंदे मातरम्’ संपूर्ण गायलं. भारदस्त, ओथंबलेलं गाणं, पण ते ऐकायचं गाणं होतं. त्यांच्यामागे कुणी गाऊ शकलं नसतं आणि गायला हवं अशी त्यांची अपेक्षाही नसावी. दुसरीकडे मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर झिंझोटी रागातली चाल घेऊन हे गीत राष्ट्रगीत व्हावं म्हणून धडपडत होते, ते बँडवरही वाजू शकतं हे पटवून देत होते. २५ ऑगस्ट १९४८ला नेहरूंनी संविधान सभेत जे निवेदन केलं, त्यात वाद्यवृंदावर देश-परदेशांत वाजण्याची सोय हा मुद्दा ठळक होता. म्हणजे निवडीची कसोटी बदलली होती. वीस-पंचवीस वर्षं विचारलं जात होतं, हे हजार गळ्यांना झेपेल का? आता विचारलं गेलं, हे पितळी वाद्यांना झेपेल का? राष्ट्र झालं की पितळ येतंच, त्यात वाईट काही नाही. पण कसोटी कुठे वळली ती जागा लक्षात ठेवावी.

आता तर तिसरीच कसोटी आहे, पेनड्राइव्हमध्ये मावतं का? झेंडा वर गेला की कुणीतरी बटण दाबतं, ध्वनिक्षेपकातून तयार वाद्यवृंद आणि सफाईदार आवाज येतात, समोरची माणसं हात बाजूला ठेवून उभी राहतात. सूर पक्का, ताल पक्का, आणि एकही गळा हललेला नाही. यापेक्षा काळी चारवर फाटलेलं गाणं शंभर पटींनी बरं. फाटायला आधी गायला तर लागतं. पेटी नसेल तर मोबाइलवर तंबोऱ्याचा ‘सा’ लावा, काळी एक, आणि दहा सेकंद सगळ्यांना तो नुसता ऐकू द्या. तेवढ्यावर भागतं.

ऑगस्टमध्ये साथीला चामड्याचं वाद्य घेणार असाल तर एक लक्षात असू द्या. श्रावणातल्या दमट हवेत पुडी, म्हणजे वाद्यावर ताणलेलं चामडं, ओल धरते आणि सूर उतरतो. तबल्याचे गठ्ठे ठोकून तो अर्धा-पाऊण तास टिकतो, डफ निखाऱ्यावर किंवा उन्हात धरावा लागतो, पण श्रावणात ऊन मिळेलच असं नाही. आल्हा गाणारे या भानगडीत फारसे पडत नाहीत. पाऊस वाढला की ढोलकीच्या कड्या एकदा ओढून पाहतात, ती वर येत नाही असं दिसलं की आपला सूर अर्धा खाली घेतात आणि पुढची ओळ धरतात.